घरात तुमच्याबरोबर कोण असतं?

मी, खाली सही करणारी बाई, शिक्षणाने डॉक्टर, खोडीने संशोधक, वय वर्षं एकोणऐंशी, माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून माझ्याच हाताने लिहून ठेवते की, गुडघे गेले, डावा कान निम्मा गेला, पण डोकं अजून जागेवर आहे. मला कुणी धाक घातलेला नाही की गोड बोलून वश केलेलं नाही. खरं सांगायचं तर यातलं काहीही करायला या घरी कुणी येत नाही. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात सगळं धाकट्या बहिणीला दिलं होतं. ती माझ्याआधी गेली. लहानपणी खेळतानाही तिला आपला डाव आधी हवा असायचा. ते जुनं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं.

वाटणीला लागण्याआधी एक अडचण नोंदवते, कारण घोडं तिथेच अडलं आहे. माझे वकील फोनवर म्हणाले, "बाई, तुम्ही मोत्यासारख्या अक्षरात लिहा हो, पण दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर तो कागद पुड्या बांधायला बरा. आणि ज्याला त्यात काही मिळणार आहे, तो साक्षीला नको."

"मग कोण हवं?"

"तुम्हाला ओळखणारे कोणीही दोघे. तुम्ही शुद्धीवर राहून सही केलीत एवढंच त्यांनी सांगायचं. नसतील कुणी तर माझ्या ऑफिसातले दोन कारकून पाठवतो. दहा मिनिटांचं काम."

कारकून नकोत म्हटलं. ज्यांनी मला जन्मात पाहिलं नाही ते माझं डोकं ठिकाणावर आहे हे कशाच्या जोरावर सांगणार? न बघता टेकवलेली सही, हाच दोष मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या संशोधनात काढत आले. आता स्वतःच्या मरणाला तीच चालवून घेऊ?

पण मग मोजायला बसले आणि बोटं वापरायची वेळच आली नाही. मला नीट ओळखणारी दोन माणसं आहेत, एक भाचा आणि रुग्णालयातली एक धाकटी सिस्टर, आणि दोघांनाही या कागदात काही ना काही मिळतं आहे. मैत्रिणी एकेक करून गेल्या. शेजारच्या घराला वर्षभर कुलूप आहे. सह्या झाल्या नाहीत तर कायद्याने सगळं भाच्याकडे जाईल. तो दूरदेशी असतो. बिचारा चांगल्या मनाने घर विकून टाकील, आणि पुढच्या खोलीतला फोन बंद पडेल. तो फोन बंद पडू नये एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप आहे. साक्षीदार आज नाहीत. लिहिता लिहिता सापडतील अशी आशा धरून पुढे जाते.

कलम एक. देह.

माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला द्यावा. त्यांचे कागद भरून दिले आहेत. मुलांना सांगावं की उजवा गुडघा पाहून हसू आलं तर खुशाल हसा, मलाही यायचं. शोकसभा नको. सभा झाली तर साहेब भाषण करतील, आणि साहेबांच्या भाषणाला सुरुवात असते, शेवट नसतो. साहेब कोण ते पाचव्या कलमात येईल.

कलम दोन. पुस्तकं.

डॉक्टरकी मला कॉलेजने शिकवली. संशोधन कुणीच शिकवलं नाही. आमच्या काळी संशोधन म्हणजे साहेबांच्या नावाखाली आपलं नाव छापून यायचं, तेही शेवटून दुसरं. संख्याशास्त्र मी शिकले ते जुन्या बाजारात मिळालेल्या एका फाटक्या पुस्तकावरून. त्याचं पहिलं प्रकरण कुणीतरी आधीच फाडून नेलं होतं. त्यामुळे अवघड ते सगळं शिकून झालं तरी सरासरी म्हणजे नक्की काय हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. एका डब्यात रंगीबेरंगी बटणं भरायची, डोळे मिटून मूठभर काढायची, आणि मुठीवरून डब्याचा अंदाज बांधायचा, असे माझे रविवार जायचे. बहीण म्हणायची, "ताई, लोक सुट्टीच्या दिवशी फिरायला जातात गं." आपला हात जगन्नाथ म्हणत मी बटणं मोजायची.

ते पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावं. फाटकं म्हणून टाकू नये. समासात मी केलेल्या चुका आहेत आणि त्यांच्या शेजारी मीच स्वतःला दिलेल्या शिव्या आहेत. एकट्याने शिकणाऱ्या कुणाला सोबत होईल. बटणांचा डबा कुणाला द्यायचा ते अजून ठरत नाही, सातव्या कलमात बघते.

कलम तीन. किल्ली.

माझ्या टेबलाच्या खणात एक पितळी किल्ली आहे. तिचं कुलूप कधीच भंगारात गेलं. ही किल्ली धाकट्या सिस्टरला द्यावी. सिस्टर आता स्वतः एका दुसऱ्या वॉर्डाची प्रमुख आहे, केस पांढरे झाले, तरी रुग्णालयात तिला धाकटीच म्हणतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी डॉक्टर नसेल म्हणून सांगते. अंगात जंतू शिरतात ते निम्मं दुखणं. उरलेलं निम्मं असं की शरीर त्यांच्याशी लढताना इतकं बिथरतं की चोर पकडायला स्वतःच्याच घराला आग लावून बसतं. श्वास धावतो, रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं संपावर जातात, शहाणं माणूस बरळायला लागतं. याला आम्ही सेप्सिस म्हणतो. लोक म्हणतात अंगात विष पसरलं. लोकांचं फारसं चुकत नाही. यात औषध लवकर गेलं तर माणूस हाती लागण्याची आशा असते, म्हणून मी दारात उभी राहून नोंद ठेवायला लागले, की माणूस आत कधी आला आणि पहिलं औषध शिरेत कधी गेलं. सारखी घड्याळाकडे बघायची म्हणून वॉर्डात मला घड्याळबाई म्हणायला लागले. माझ्यादेखत डॉक्टरीणबाई, पाठ वळली की घड्याळबाई.

मला वाटायचं उशीर डॉक्टरांच्या विचारात होतो. उशीर होत होता कुलपात. औषधांच्या कपाटाची किल्ली मोठ्या सिस्टरांच्या कंबरेला, आणि मोठ्या सिस्टर असायच्या वरच्या मजल्यावर.

"किल्ली माझ्याकडेच राहणार," त्या म्हणाल्या. "औषधं कमी भरली तर भरणार कोण?"

"आणि माणूस गेला तर?"

"तो तुमच्या खात्यावर."

माझं नि त्यांचं असं आठवडाभर चाललं. नवीनच लागलेल्या धाकटीने एक दिवस कपाटाशेजारी खिळा ठोकला आणि लाडीगोडीने म्हणाली, "ताई, तुमची कंबर किती दुखते. हे ओझं इथे टांगू का?" मोठ्या सिस्टर हो म्हणून गेल्या. संशोधनाच्या भाषेत मी त्यावर पुढे लांबलचक लेख लिहिला. त्यात खिळा आहे, कंबर नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम चार. घर आणि फोन.

तळमजल्यावरच्या या दोन खोल्या. मागची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, अंगणातलं लिंबाचं झाड, हे सगळं भाच्याला. पुढच्या खोलीची मालकीही त्याचीच. मात्र त्या खोलीत तारेचा फोन, एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत, ती धाकटी सिस्टर वापरू म्हणेल तितकी वर्षं तिच्या वापरात राहावी. फोनचा नंबर बदलू नये. फोनचं बिल माझ्या शिलकीच्या व्याजातून जावं. या कामावर माझे वकील देखरेख ठेवतील, त्यांनी तसं कबूल केलं आहे.

या फोनची हकीकत अशी. एका शाळेतल्या बाईंना आम्ही सेप्सिसमधून ओढून काढलं होतं. रक्तदाब सुधारला, ताप उतरला, कागदावर लिहिलं, 'बरी होऊन घरी गेली.' वर्षाने त्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या दिसल्या. मी आनंदाने विचारलं, "काय बाई, शाळा काय म्हणते?" त्या म्हणाल्या, "शाळा सोडली. मुलांची नावं आठवत नाहीत. पायऱ्या चढले की हात थरथरतात. डॉक्टर, तुम्ही मला वाचवलंत हो, पण सगळी नाही वाचवलीत."

आमच्या हिशेबी त्या बऱ्या होत्या. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, पण आमच्याकडे उलटंच होतं. माणूस फाटकाबाहेर पडला की वैद्याचीच गरज सरायची. तेव्हापासून मी घरी गेलेल्यांना दर सहा महिन्यांनी फोन करायला लागले. प्रश्न ठरलेले. जिना न थांबता चढता का? झोप लागते का? कामावर परत गेलात का? आज वार कोणता? मग तीन शब्द सांगायचे, दरवेळी वेगळे, आणि थोड्या गप्पांनंतर तेच परत विचारायचे. शेवटचा प्रश्न, घरात तुमच्याबरोबर कोण असतं?

त्यात एक नियम मीच घातला. फोन करणाऱ्याने त्या माणसांना कधी भेटायचं नाही. तोंड पाहिलं की माया लागते, आणि माया लागली की थरथरणारा हातही आपल्याला स्थिर दिसायला लागतो. म्हणून रुग्णालयात त्यांना तपासायचे दुसरे, आणि फोनवरची बाई मी, बिननावाची. किती घरांतली भांडणं, बारशी, नोकऱ्या, खोकले मला ठाऊक आहेत, आणि रस्त्यात समोर आले तर एकालाही ओळखायची नाही मी.

वॉर्डातून निवृत्त झाल्यावर फोन घरी आणला. तेव्हापासून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सकाळचा पहिला 'हॅलो' घशात अडकायचा. आधी खाकरून घ्यावं लागायचं. कारण कालच्या शेवटच्या फोननंतर मी कुणाशी बोललेलीच नसायची.

कलम पाच. घड्याळ.

जुना वॉर्ड पाडला तेव्हा भिंतीवरचं घड्याळ मी मागून आणलं. तेव्हापासून ते बंद आहे. ते आमच्या विभागाचे निवृत्त प्रमुख, म्हणजे साहेब, यांना द्यावं, आणि सोबत सांगावं की दिवसातून दोनदा तरी ते बरोबर असतं, एवढीच बरोबरी मला साहेबांच्या मतांची आढळली.

साहेबांशी माझं वैर लहानसहान नाही. भर बैठकीत ते म्हणाले होते, "बाई, हे संशोधन आहे की खुशालीचा फोन? पेशंट फाटकाबाहेर गेला की तो आपला नव्हे." सगळे हसले. घरात कोण असतं हा प्रश्न त्यांनी तीनदा खोडला, मी चारदा घातला. मला निधी मिळाला नाही, खोली मिळाली नाही, जिन्याखालच्या जागेत मी फोन घेऊन बसायची. "डोकं फिरलंय बाईंचं," हे त्यांचं वाक्य वॉर्डबॉयपर्यंत पोचलं होतं. मी ते विसरलेले नाही. म्हातारपणी स्मरणशक्ती जाते म्हणतात, पण ती नको तिथे टिच्चून बसते.

कलम सहा. भाचा.

माझ्या शिलकीचं व्याज फोनला, बाकी सगळं भाच्याला. तो मला एकदा म्हणाला होता, "मावशी, मला एकदा सेप्सिस होऊ दे. म्हणजे सहा महिन्यांनी तुझा फोन तरी येईल." त्या दिवसापासून दर रविवारी मी त्याला फोन करते, आणि तो उचलतोही. पण तिकडे सकाळ असते, त्याची मुलं मागे ओरडत असतात, आणि तो म्हणतो, "मावशी, बरी आहेस ना? बरी आहेस ना?" दोनदा विचारतो आणि दोन्ही वेळा उत्तराची वाट बघत नाही. राग नाही. त्याच्या वयात मीही घाईतच होते. त्याच्या आईची शाल कपाटात वरच्या फळीवर आहे, ती त्याच्या मुलीला. पुढच्या खोलीच्या बाबतीत त्याने सिस्टरशी वाद घालू नये. तुझ्या आईची शपथ घालत नाही, नुसतं सांगते.

कलम सात. जिनेवाले.

आता एका अशा माणसाबद्दल, ज्यांचं तोंड मी पाहिलेलं नाही.

हे कपडे शिवणारे. अंगठ्यात सुई गेली, ती जखम चिघळली, आणि तिथून सेप्सिस. आमच्या रुग्णालयात कित्येक आठवडे होते. वाचले, पण डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. पहिल्या फोनला मी विचारलं, "जिना न थांबता चढता का?"

"कुठला जिना? घर तळमजल्याला, दुकान तळमजल्याला. मुद्दाम चढायला लोकांच्या घरी जाऊ?"

मी लिहिलं, लागू नाही. सहा महिन्यांनी परत विचारलं तर म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी शेजारच्या इमारतीत जाऊन आलो. दुसऱ्या मजल्यावर दम लागला. एका बाईने पाणी दिलं, मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि दार लावून घेतलं. चोर समजली." तेव्हापासून फोनच्या आधी ते दरवेळी तिथे जाऊन चढून येतात. आता त्या बाई त्यांना चहा देतात. माझ्या मनात त्यांचं नाव जिनेवाले.

ते बोटांशिवाय कापड धरायला कसे शिकले, बायको कधी गेली, हे मला फोनवरच कळलं. घरात कोण असतं या प्रश्नाला आधी म्हणायचे, "आम्ही दोघं." नंतर म्हणायला लागले, "मी आणि मशीन. मशीन जास्त बोलतं."

एकदा पोस्टात रांगेत उभी होते. पुढचा माणूस खिडकीशी बोलायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच आवाज, तेच "बघा बुवा". एका हाताच्या अंतरावर होते. पाठ दिसत होती, कोटाला कोपरावर सुबक ठिगळ होतं. मी बोलले असते तर त्यांनीही आवाज ओळखला असता, आणि इतक्या वर्षांचा नियम मोडला असता. माझी पाळी आली तेव्हा ते बाजूला तिकिटं चिकटवत होते. खिडकीतली मुलगी विचारते, "काय हवं आजी?" मी बोटाने दाखवलं. "किती?" मी बोटं वर केली. तिला वाटलं आजी मुक्या आहेत, तिने मोठमोठे हातवारे करून हिशेब समजावला. घशात खवखवलं म्हणून एकदा खोकले तेवढंच. घरी आले, दार लावलं, आणि त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा असं वाटलं की नियम मी जरा जास्तच चांगला केला.

बटणांचा डबा यांना द्यावा असं मनात होतं. पण हे कलम लिहिता लिहिता एक गोष्ट लख्ख दिसली. ज्याला काही दिलं तो साक्षीदार होऊ शकत नाही. म्हणून जिनेवाल्यांना मी काहीही देत नाही. डबाही नाही. झाकणसुद्धा नाही.

साक्षीदारांबाबत.

नियम फोन करणाऱ्या बाईला आहे. मी फोन करणारी बाई राहिले नाही तर तो मला लागू नाही. सातवं कलम लिहिल्यानंतर, गेल्या आठवड्यात मी सगळे फोन धाकट्या सिस्टरच्या हवाली केले आणि जिनेवाल्यांना शेवटचा फोन लावला.

"पुढच्या वेळी दुसऱ्या बाई बोलतील," मी म्हटलं. "फार चांगल्या आहेत."

मागे चाललेलं मशीन थांबलं. "आणि तुम्ही?"

"माझं वय झालं."

"ते ठीक. पण आम्हाला त्या बाई फोन करणार. तुम्हाला कोण करणार?"

मी एकदम साक्षीचंच विचारलं. या घरी येऊन सही कराल का, मिळणार काही नाही. म्हणाले, "येतो. जिना आहे का?"

"नाही."

"अरेरे."

दुसरा साक्षीदार हवा होता. माझं डोकं कसं आहे याचा सर्वांत दीर्घ अभ्यास कुणी केला असेल तर साहेबांनी. तीस वर्षं त्यांनी तो रोज केला आणि निष्कर्ष कधी बदलला नाही. ते जर लिहून देतील की बाई शुद्धीवर आहेत, तर त्यावर कुठलं कोर्ट शंका घेईल? फोन लावला. आवाज पार खोल गेला आहे त्यांचा.

"मला काय मिळणार?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. म्हणूनच बोलावते आहे."

म्हणाले, "सून बाहेर जाते, दिवसभर घरात कुणी नसतं. येतो."

सबब कलम पाच रद्द. घड्याळ साहेबांना देऊ नये. ते भिंतीवरच राहू द्यावं. त्यातली टोमण्याची वाक्यं मात्र खोडत नाही, ती माझी आहेत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, मला तो मान्य आहे.

सही: लिहून ठेवणारी
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली, फोनचं टेबल
~~बुधवार~~ गुरुवार, दुपार, एकवीस नोव्हेंबर

साक्षीदार पहिला: विभागप्रमुख, निवृत्त.

लिहून ठेवणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी त्यांना वॉर्डात रुजू झाल्या तेव्हापासून ओळखतो. रद्द केलेलं कलम पाच मी वाचलं. त्यातील तपशील बरोबर आहेत. मात्र प्रश्न मी तीनदा नव्हे, दोनदा खोडला होता. बाई हटवादी आहेत, पूर्वीही होत्या. बुद्धी पूर्ण शाबूत आहे, आणि माझं ते जुनं वाक्य मी मागे घेतो. घड्याळ बंद नाही, फक्त किल्ली दिलेली नव्हती. मी आता दिली आहे.

सही

साक्षीदार दुसरा: कपडे शिवणारा.

मी या बाईंना आवाजावरून पुष्कळ वर्षं ओळखतो, तोंडावरून आजपासून. त्यांनी माझ्यासमोर सही केली, त्यांच्यासमोर मी करतो आहे. पण शुद्धीवर आहेत असं लिहून द्यायचं तर विचारल्याशिवाय कसं द्यायचं? त्या माझं काही न विचारता लिहीत नसत. म्हणून मी विचारलं, आणि उत्तरं इथे लिहितो.

जिना चढता का? म्हणाल्या, घरात जिना नाही. मी म्हटलं, मग शेजारी जायचं.

वार कोणता? बुधवार म्हणाल्या. आहे गुरुवार. साहेब म्हणाले, निवृत्त माणसाला वार विचारणं हा अन्याय आहे. खाडाखोड आमच्या देखत झाली.

तीन शब्द दिले. बटण, कंदील, पोस्ट. मग चहा झाला. त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण नव्हतं, ते मी डब्यातलं एक काढून लावून दिलं. बटण त्यांचंच, स्वेटर त्यांचा, तेव्हा मला काही मिळालं असं होत नाही. वकिलांना फोन करून विचारून घेतलं. मग शब्द विचारले. बटण आठवलं, कंदील आठवला, तिसरा येईना. साहेबांना तर तीनही येईनात, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. मी म्हटलं, आठवण करून देऊ का? म्हटलं, जिथे तुम्ही माझ्यामागे रांगेत उभ्या होतात आणि खोकलात.

फोनवर दरवेळी बोलायच्या आधी त्या तसंच खाकरतात. मी तेव्हाच ओळखलं होतं. तिकिटं चिकटवत उगीच उभा राहिलो. पण त्या बोलल्या नाहीत, तेव्हा म्हटलं काहीतरी नियम असणार, आपण कशाला मोडायचा.

मग त्या म्हणाल्या, पोस्ट. हळू म्हणाल्या, पण म्हणाल्या.

शेवटचा प्रश्न. घरात तुमच्याबरोबर कोण असतं? बाई स्वेटरचं नवं बटण फिरवत बसल्या. साहेब भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, सावकाश सांगा, तुम्ही मला कधी घाई केली नाहीत. मग म्हणाल्या, "कुणी नाही."

खरं उत्तर दिलं. डोकं जागेवर आहे असं मी लिहून देतो.

सहा महिन्यांनी फोन करून हेच परत विचारणार आहे.

सही